चहाशिवाय कोम्बुचा जमतो का? चार बरण्यांच्या नोंदी

२ मार्च

दोन वर्षं साध्या काळ्या चहाचा कोम्बुचा, म्हणजे गोड चहा आंबवून होणारं फसफसतं पेय, करून झाला. हात बसलाय, म्हणून आता खोड्या सुचतायत. प्रश्न एकच: चहाची पत्ती अजिबात न घालता, नुसत्या पाल्याफुलांच्या काढ्यावर हे विरजण जगेल का? जगतं म्हणणारे जितके भेटले, तितकेच मरतं म्हणणारे.

चार बरण्या मांडल्या. प्रत्येकीत ९०० मिली काढा, ६० ग्रॅम साखर, मूळ बरणीतलं १०० मिली आंबट पाणी (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.०; आकडा जितका लहान तितकं आंबट) आणि वर सायीचा, म्हणजे आंबताना पृष्ठभागावर धरणाऱ्या चिवट थराचा, तळहाताएवढा तुकडा.

क – काळा चहा ६ ग्रॅम, तुलनेसाठी.
ख – ताजी रोझमेरी आणि पुदिना, मिळून २० ग्रॅम.
ग – लाल अंबाडीची वाळलेली बोंडं, १० ग्रॅम.
घ – नेटलची गेल्या वर्षी वाळवून ठेवलेली पानं, १० ग्रॅम.

नेटल म्हणजे ते रानटी रोप, ज्याला चुकून हात लागला तर विंचू चावल्यासारखी आग होते. पानावरचे बारीक पोकळ केस कातडीत मोडतात आणि हिस्टामिनसारखी द्रव्यं आत सोडतात. वाळवलं किंवा उकळत्या पाण्यात टाकलं की ही खोडी संपते.

बरण्या सगळ्या काचेच्या. घरात एक देखणी चिनी मातीची बरणी आहे, तिचा मोह होतो, पण नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एका जोडप्याला झालेल्या शिशाच्या विषबाधेची हकीकत छापली होती. ते कोम्बुचा मातीच्या झिलईदार भांड्यात करत आणि आम्लाने झिलईतलं शिसं उतरवलं होतं.

मूळ बरणी वेगळ्या कपाटात ठेवली आहे. तिला फक्त चहा आणि साखर मिळेल, दुसरं काही नाही. हा नियम आजच लिहून ठेवते, कारण उद्या मीच मोडेन.

२ मार्च, रात्री

सुरुवातीचे पीएच मोजले. क ४.१, ख ४.३, ग २.९, घ ४.९.

घ चा आकडा बघून दचकले. नेटलमध्ये खनिजं भरपूर, त्यामुळे काढा आम्लाला दाद देत नाही. सुरुवातीलाच पीएच ४.५ च्या खाली असला पाहिजे, नाहीतर साय धरायच्या आत बुरशीला मोकळं रान मिळतं. आणखी १०० मिली विरजण ओतलं, तेव्हा कुठे ४.४.

ग ची गंमत वेगळी. कागदाची पट्टी बुडवली तर ती अंबाडीच्याच रंगाने लाल झाली, वाचणार काय? मीटर काढावा लागला. तो आधी ४.०१ आणि ७.०० च्या द्रावणात जुळवून घेतला.

६ मार्च

चारही बरण्यांवर नवी साय दिसतेय. खोलीत २४ अंश. क आणि घ ची दुधी, सलग. ख ची विरळ, ठिपक्याठिपक्यांची. ग ची गुलाबी.

११ मार्च

नऊ दिवस झाले. चारही बरण्या पास! क ३.०, ख ३.४, ग २.७, घ ३.२. अंबाडीचा तर इतका सुरेख की गाळतानाच अर्धा ग्लास संपला. रोझमेरीवाला थोडा औषधी लागतो, पण पुदिना सावरून घेतो. नेटलचा वास ओल्या गवताचा, चव मात्र सौम्य आणि थोडी खारट.

म्हणजे चहा लागत नाही? असं दिसतंय खरं.

उद्यापासून दुसरी पिढी. प्रत्येक बरणीचं विरजण तिच्याच आधीच्या खेपेतून घ्यायचं, मूळ बरणीला हात लावायचा नाही. मात्र घ ला यापुढे दर वेळी २०० मिली.

१२ मार्च

सायीबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते, कारण काल शेजारच्या काकूंनी विचारलंच: "हे मश्रूम कुठून आणलंस गं?" मश्रूम नाही. ही साय म्हणजे मुख्यतः सेल्युलोज (कापसाच्या धाग्यात असतं तेच द्रव्य), कोमॅगाटायबॅक्टर नावाच्या जिवाणूंनी विणलेली चटई. खरं विरजण खालच्या पाण्यात असतं. साय फेकून दिली आणि पाणी ठेवलं तर कोम्बुचा होतो. उलट केलंत, साय धुऊन पुसून घेतलीत आणि पाणी ओतून दिलंत, तर बहुधा बुरशी पाळाल.

नावाचाही घोळच आहे. जपानीत 'कोम्बुचा' म्हणजे समुद्री शेवाळाचा चहा. ज्याला आपण कोम्बुचा म्हणतो त्याला तिकडे 'कोचा किनोको' म्हणतात, म्हणजे काळ्या चहाचं अळंबं. काकूंची चूक एकट्या काकूंची नाही तर!

२० मार्च

दुसरी पिढी, नववा दिवस.

क – नेहमीसारखा, ३.०.
ख – ३.९. गोडच लागतोय. साय इतकी पातळ की चमच्याने फाटली.
ग – २.८. साय ट्रेसिंग पेपरसारखी.
घ – ३.२. साय चांगली पाच मिलिमीटर जाड!

ख हळू पडलाय. थंडी वाढली म्हणावं तर बाकीच्यांना का नाही बाधली? तरी तिसरी पिढी लावली. लावल्यावर ख चा पीएच ४.८ आला. म्हणजे विरजणातच जोर उरलेला नाही. आणखी विरजण घालायला हवं होतं, पण ख चं शिल्लक नव्हतं आणि मूळ बरणीतून घेतलं तर प्रयोग बिघडतो. बघू म्हटलं.

२६ मार्च

ख वर राखाडी-हिरवा, केसाळ ठिपका. आठाण्याएवढा. बघू म्हटलं ना, बघितलं.

ठिपका काढून खालचं पाणी वाचवायचा मोह होतो. ते करायचं नाही. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात आणि काही बुरशा विष सोडतात. साय, पाणी, सगळं टाकलं. बरणी उकळत्या पाण्याने धुतली.

केसाळ नसलेला, पांढरा, सुरकुत्यांचा थर वेगळा. त्याला काह्म यीस्ट म्हणतात, तो बुरशी नव्हे. चव बिघडवतो, पण घातक नाही. ओळखायची खूण: बुरशी कोरडी, मखमली असते आणि सायीच्या वर उगवते.

२९ मार्च

तिसरी पिढी. आज बसून नीट विचार केला.

बरणीत दोन कारागीर असतात. यीस्ट साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. जिवाणू ते अल्कोहोल घेऊन त्याचं अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, करतात. साखर हे इंधन झालं. पण नवी पेशी बांधायला नायट्रोजन लागतो, खनिजं लागतात, आणि ती साखरेत नसतात, चहात असतात. चहातलं कॅफीन तर जिवाणूंना सेल्युलोज विणायला चालनाही देतं.

मग पहिली खेप छान कशी झाली? कारण मी प्रत्येक बरणीत १०० मिली आंबलेला चहा ओतला होता. त्याच शिदोरीवर पहिली पिढी जगली. दुसऱ्या पिढीला त्या शिदोरीचा दहावा हिस्सा मिळाला, तिसरीला शंभरावा. पहिली खेप खोटं बोलते, साधी गोष्ट आहे. आणि मी ११ तारखेला उद्गारचिन्ह टाकून बसले होते.

ख ला तर दुहेरी मार. रोझमेरी आणि पुदिन्यातली सुगंधी तेलं जिवाणूंना आणि यीस्टला नकोशी असतात. ज्या गुणामुळे आपण त्यांचा काढा घशाला घेतो, त्याच गुणाने बरणीतले कामगार पळाले. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावलेला अर्ल ग्रे चहा मूळ बरणीला घालू नका म्हणतात, तेही याचसाठी.

ग ने मला जास्त फसवलं. आजही मीटर २.८ दाखवतो, उत्तम. पण चाखलं तर साखर जिथल्या तिथे, व्हिनेगरचा वासही नाही. तो आंबटपणा अंबाडीच्या स्वतःच्या आम्लांचा आहे, पहिल्या दिवसापासूनचा. आंबण्याची क्रिया जवळजवळ थांबली आहे आणि मीटर मात्र शाबासकी देतोय. हे नुसतं चवीपुरतं नाही: तेवढ्याच पीएचला अॅसेटिक आम्ल बुरशीला जितकं रोखतं, तितकं फळाफुलांतली आम्लं रोखत नाहीत. अशा बरणीवर बुरशी उशिरा आली तरी येईल.

आता घ. तिसऱ्या पिढीतही ३.२, साय जाड. नेटलच्या पानात प्रथिनं आणि खनिजं पुष्कळ, म्हणजे नायट्रोजनचा प्रश्न सुटला असावा. सुरुवातीला जो गुण मला त्रास वाटला होता, काढ्याने आम्लाला दाद न देणं, त्याचं आणि या तगण्याचं मूळ एकच दिसतंय.

५ एप्रिल

चिलटं. क च्या बरणीवर घाईत जाळीदार कापड बांधलं होतं, त्यातून शिरली. सायीवर अंडी, दोन अळ्या. टाकलं. घट्ट विणीचं सुती फडकं आणि रबर, दुसरा उपाय नाही. व्हिनेगरचा वास त्यांना लांबून येतो. मूळ बरणी कपाटात शाबूत, म्हणून नवा क लगेच लागला.

८ एप्रिल

ग ला दोन ग्रॅम काळा चहा घालून लावला होता. नेहमीच्या पत्तीचा फक्त तिसरा हिस्सा. साय परत जाड, वास परत व्हिनेगरचा. एवढ्याने भागतं तर हट्ट कशाला? अंबाडी आता कायमची अशीच.

रोझमेरी-पुदिन्यासाठी वेगळा रस्ता: बरणीत नाही, बाटलीत. चहाचा कोम्बुचा तयार झाला की गाळायचा, बाटलीत भरायचा आणि पाला तेव्हा घालायचा. आम्ल तयार झालेलं असतं, कामगारांचं मुख्य काम उरकलेलं असतं. तेलांनी त्यांना थोडं सुस्तावलं तरी चालतं. ५०० मिलीला रोझमेरीची बोटभर काडी पुरे. दोन घातल्या तर डोक्याला लावायचं तेल प्यायल्यासारखं होतं, हे आज कळलं.

एका बाटलीत गोकर्णाच्या फुलांचा निळा काढा ओतला. ओतता ओतता निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा किरमिजी. चवीला शून्य. पण तीन वेळा ओतून पाहिला.

१४ एप्रिल

कोवळं नेटल उगवलंय. हातमोजे घालून वरची चार-सहा पानं खुडली. फुलोरा यायच्या आतच घ्यायचं, नंतरच्या पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे कण साठतात.

वनस्पतिशास्त्र शिकवणारी मैत्रीण सोबत होती. वाटेत पिवळ्या फुलांचा स्वीट क्लोव्हर दिसला, वाळल्यावर व्हॅनिलासारखा वास येतो. मी वाकले तशी तिने हाताला धरून उठवलं.

"घे, पण नीट वाळवणार असशील तरच. अर्धवट वाळवून डब्यात कोंबणार असशील तर राहू दे."

मग तिने सांगितलेली गोष्ट. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अंगातल्या अंगात रक्त वाहून मरायला लागली. त्यांनी बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर खाल्ला होता. रोपातलं कुमारिन बुरशीने बदलून डायकुमारॉल होतं आणि ते रक्त गोठू देत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत ते वेगळं काढलं गेलं आणि त्याच वाटेने पुढे वॉरफॅरिन आलं. आधी उंदरांचं औषध म्हणून, मग माणसांचं.

बाबा तेच घेतात.

स्वीट क्लोव्हर तिथेच सोडला. घरी येऊन वाळवणाचे सगळे डबे उघडले. गुलाबाच्या पाकळ्यांच्या डब्याला किंचित कुबट वास होता, तो रिकामा केला. पान बोटांत चुरलं की कुरकुरलं पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे.

१५ एप्रिल

सकाळी बाबांनी नेटलची बाटली उचललीच. "अगं, एक घोट तरी दे. एवढं महिनाभर चाललंय तुझं."

"बाबा, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारते."

नेटलच्या पानात के जीवनसत्त्व बरंच असतं आणि ते वॉरफॅरिनच्या विरुद्ध काम करतं. पाण्यात ते फारसं उतरत नाही म्हणे, पण बाबांच्या रक्तावर प्रयोग करायला मी बसलेली नाही. बाबा रुसले. चहाच्या साध्या कोम्बुचाबद्दलही विचारून घेणार आहे.

२६ एप्रिल

घ, सहावी पिढी. पीएच ३.३, साय सहा मिलिमीटर. चहा शून्य. तसा हिशेबच करायचा तर दर पिढीला २०० मिली म्हणजे पाचवा हिस्सा पुढे जातो. पहिल्या शिदोरीचा पाचवा, पंचविसावा, एकशे पंचविसावा… सहाव्या पिढीत तीन हजारातला एखादा हिस्सा. त्यावर कुणी जगत नाही. नेटलवरच जगतंय.

ताज्या नेटलची बरणी मात्र वाळलेल्यापेक्षा उग्र, उकडलेल्या पालेभाजीच्या पाण्यासारखी. वाळलेलंच बरं.

आंबुशीही करून पाहिली, कुंडीत नको असताना उगवते ती. पान चावलं की आंबट. बाटलीत मूठभर घातली, दोन दिवसांत काढली. छान, लिंबाच्या जवळची चव. पण तो आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा, म्हणून मूतखडा होऊन गेलेल्या भावाला ही बाटली नाही. घरात कुणाला काय चालतं याचा तक्ता फ्रिजवर चिकटवायची वेळ आली आहे.

२३ मे

एल्डर फुललाय! वर्षभर ज्याची वाट बघितली तो दिवस.

फक्त फुलं. पानं, देठ आणि कच्ची फळं यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून काट्याने फुलं विंचरून घेतली, जाड देठ फेकले. आणि ओळख पक्की असल्याशिवाय पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याच्या वाटेला जायचं नाही. सॉक्रेटिसला विष म्हणून दिलेला हेमलॉकही पांढऱ्या छत्रीचाच. एल्डर हे लाकडी खोडाचं झुडूप, पानं समोरासमोर. हेमलॉक मऊ, पोकळ देठाचा, देठावर जांभळे डाग. मैत्रिणीला तरीही फोटो पाठवला. तिचं उत्तर: "एल्डरच. पण विचारत जा."

फुलं धुतली नाहीत, नुसती झटकून किडे काढले. वास परागांत असतो, धुतला की गेला. पाच बाटल्या, प्रत्येकीत दोन तुरे आणि एक चमचा साखर. बूच घट्ट.

२५ मे

पहाटे साडेचारला स्फोट. एक बाटली फुटली, दुसरी उघडताना छतापर्यंत गेली. फुटली ती बंद खोक्यात होती, म्हणून कुणाला काच लागली नाही. नशीब आणि सवय, यांत सवयीचा वाटा थोडा.

माझा हिशेब कुठे चुकला? लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण पाण्याच्या आकारमानाएवढा वायू तयार होतो. अर्ध्या लिटरला एक चमचा, म्हणजे ४ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. सोड्याच्या बाटलीपेक्षा कमीच. पण हा हिशेब बाटलीत दुसरी साखर नाही असं धरून केलेला. तयार कोम्बुचात बरीच साखर शिल्लक असते, आंबटपणाखाली लपलेली. माझा एक चमचा म्हणजे भरल्या गाडीत आणखी एक पिशवी. वायू चमच्याने ठरत नाही, किती दिवस उबेत राहिला आणि कधी फ्रिजमध्ये गेला यावर ठरतो. शिवाय न धुतलेल्या फुलांवर रानटी यीस्ट असतं. एल्डरच्या फुलांचं पेय नुसत्या त्याच यीस्टवर फसफसवतात, आणि मी त्यात आणखी यीस्ट ओतलं. रोझमेरी कामगारांना पळवते, एल्डर स्वतःचे घेऊन येतो.

उरलेल्या तीन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, चष्मा लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावर एक उघडली.

चव लिहीत नाही. लिहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा घाई करेन.

२ जून

एल्डरची दुसरी खेप. बदल: साखर नाही. प्रत्येक खेपेला एक जाड प्लास्टिकची बाटली सोबत भरायची. ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. या वेळी दीड दिवसात कडक झाली.

किती प्यायचा याचीही नोंद. रोज अर्धा कप, त्यापुढे नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवात दोन बायका रक्तात आम्ल वाढून गंभीर आजारी पडल्या, त्यांतली एक गेली. दोघी रोज कोम्बुचा पीत होत्या. कारण तोच, हे सिद्ध झालं नाही. त्या वेळी तिथल्या आरोग्य यंत्रणेने निरोगी माणसाला रोज सुमारे ११८ मिलीने अपाय होऊ नये असं म्हटलं होतं. माझा अर्धा कप तिथूनच आलाय. बाटलीत फसफसलेल्यात अल्कोहोलही वाढतं, म्हणून भाचीला आणि दिवस गेलेल्या वहिनीला नाही.

बाबांच्या डॉक्टरांनी नेटलला स्पष्ट नाही म्हटलं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "वासावरून वाटलंच होतं."

१३ जून

सध्या चालू: क, चहा, नवी साय. ग, अंबाडी आणि दोन ग्रॅम चहा, आठवी पिढी. घ, नेटल, अकरावी पिढी, ३.३. आज घ चं अर्धा लिटर विरजण वेगळ्या बरणीत काढून 'नेटल – मूळ' अशी चिठ्ठी लावली आणि कपाटात चहाच्या मूळ बरणीशेजारी ठेवलं. मैत्रिणीला त्यातलं २०० मिली दिलं. तिला तिसऱ्या पिढीपर्यंत काही सांगू नकोस म्हटलंय.